सुई अर्ध्यावर गेली की थांबायचं

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, त्या वर्षी आठवड्यातून दोनदा त्यांना अंबाजोगाईला डायलिसिसला न्यायचं काम माझ्याकडे आलं. नवरा माजलगावला साखर कारखान्यात; गाळप सुरू झालं की त्याला रविवारसुद्धा मिळत नाही. युसूफ वडगावातलं किराणा दुकान मी आणि मामाच बघायचो. डायलिसिसच्या दिवशी दुकानाला कुलूप आणि आम्ही दोघं एसटीत.

जाताना बरं असायचं. येताना मामांचं बीपी उतरलेलं असायचं. एकदा गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा दांड्याला धरून उभे होते, ते उभ्याउभ्याच खाली बसले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि आजूबाजूला लोकांच्या चपला. मला म्हणाले, "बसू दे गं, हितंच बरं वाटतंय." घरी आल्यावर मी नवऱ्याला फोन लावला.

"एक जुनी गाडी घ्यायची," मी म्हणाले.

"दोन वर्षं थांब. नवीच घेऊ."

"मामांना सांगू का, दोन वर्षं थांबा म्हणून?"

तो म्हणाला, "बघ, तुला जमतंय तसं कर."

चालवायची भीती नव्हती. माझं माहेर पालीचं. लग्नाआधी वडिलांनी ट्रॅक्टर शिकवला होता, लायसनही काढून दिलं होतं.

आमच्या ऐपतीत बसणारी एकच गाडी सापडली. केजमधल्या एका शिकवणीवाल्या सरांची, छोटी, पाच दरवाज्यांची, रंग उडालेली. मी गॅरेजवाल्या मिस्त्रींना दाखवायला नेली. मिस्त्री वयस्कर, कमी बोलणारे. नुसतं बॉनेट बघूनच मान हलवली.

"ताई, ही नका घेऊ. ह्या इंजिनाला दोन रोग हायेत. ह्या मॉडेलच्या समद्याच गाड्यांना, हिलाच असं न्हाई. एक तर ऑईल पिती. दुसरं म्हंजे तापती. एकदा तापली की इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट गेलं म्हनून समजा, मग इंजिन खोलायचं काम."

"आणि तापूच दिली नाही तर?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग चालंल की. पर तापू न देणारा मानूस मला आजवर भेटला न्हाई. गरमीची सुई वर गेली तरी लोक म्हनतात, आता आलंच गाव."

मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली होती: इंजिन थंड असताना चालू करून बघा, खरा धूर तेव्हाच दिसतो. मी सरांना आदल्या दिवशीच सांगितलं की सकाळी मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. सकाळी गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.

"सर, मी उद्या येते," मी म्हणाले आणि एसटीने परत आले.

दुसऱ्या दिवशी बॉनेट गार होतं. चावी फिरवली तसा मागून निळसर धूर निघाला आणि थोड्या वेळाने विरला. सर खाली बघत म्हणाले, "रोज सकाळी एवढं करते ती." मी म्हटलं, "माहितीय मला. ते धरूनच भाव करू." आणि केला.

मिस्त्रींनी पाण्याचा पंप आणि रबरी नळ्या बदलल्या, रेडिएटर साफ केला. मग मला चार दिवस शिकवलं. रोज सकाळी गाडी सपाट जागेवर, थंड असताना ऑईलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. पाण्याची पातळी बघायची. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आणि सुई अर्ध्यावर गेली की थांबायचं, मग कुठंही असो.

मामांना हे पटलं नव्हतं. "जनावराला इतकं बघत न्हाई कुनी," म्हणायचे. पण बसायचे.

फेब्रुवारीत एका दुपारी अंबाजोगाईच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही अडकलो. गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. सुई हलली. मग अर्ध्याच्या वर गेली. मी गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि बंद केली.

"कावून थांबलीस? दोन कोस बी न्हाई ऱ्हायलं," मामा म्हणाले. "माझा नंबर जाईल."

"गेला तर दुसरा मिळेल, मामा. इंजिन गेलं तर उद्यापासून परत एसटी."

मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "नुसती चावी चालू करा, बॉनेट उघडून बघा, पंखा फिरतोय का?" फिरत नव्हता. "मग फ्यूज बघा." इतक्यात एक मोटारसायकलवाला थांबला. उतरला, बाटली घेऊन थेट रेडिएटरकडे आला.

"वहिनी, झाकण काढून पानी वता, दोन मिंटात गार व्हती."

"हात लावू नका," मी म्हणाले.

"तुमाला काय कळतंय गाडीतलं?" त्याचा हात झाकणाकडे गेला. मी मध्ये उभी राहिले.

तेवढ्यात मागून आवाज आला. मामा दाराला धरून उतरले होते. "तिला कळतंय. समदं कळतंय तिला. तुमी निघा, पाव्हणं."

तो पुटपुटत निघून गेला. जळालेला फ्यूज काढला, मिस्त्रींनी सांगितलं तसा शेजारचा, तेवढ्याच ताकदीचा, एसीचा फ्यूज तिथं लावला. चावी फिरवली आणि पंखा घरघरला. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास बसलो. पुढचा रस्ता मिस्त्रींच्या सांगण्यावरून गाडीतला हीटर चालू ठेवून गेलो, म्हणजे इंजिनातली गरमी ओढली जाते. भर दुपारी, काचा खाली, मामा उपरण्याने घाम पुसत बसलेले.

नंबर गेलाच होता. सिस्टरने संध्याकाळच्या पाळीत खुर्ची दिली. शेजारच्या खुर्चीवर एक मेंढपाळ घरातली बाई होती, माझ्याच वयाची, पाय सुजलेले. तिला आठवड्यातून दोनदा यायचं होतं, पण ती एकदाच यायची. नवरा मेंढरं घेऊन लांब आणि वाडीवर एसटी नाही. तिची वाडी आमच्या रस्त्यापासून थोडी आत निघाली. मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "पोरी, फाट्यावर उभी ऱ्हात जा. आमी येतो."

त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. गाडी अजून ऑईल पिते, डिकीत एक डबा कायम असतो. इंजिन एकदाही खोलावं लागलं नाही. त्या बाईची सूज उतरली, हल्ली ती स्वतःच भाकऱ्या बांधून आणते, तिघांना पुरतील एवढ्या, आणि मामा मागं वळून विचारतात, "आज ठेचा आनलास का?"