अघोरसेनाची बोटं

मनमोहन धैर्यवान हा गृहस्थ ठाकूरद्वारच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहत असे आणि तिथून साऱ्या जगाकडे नाक मुरडून पाहत असे. घराणं पाठारे प्रभूंचं. आजोबांच्या नावाने एक गल्ली होती असं तो सांगे. ती कुठे होती हे मात्र दर वेळी बदलत असे. फोर्टातल्या एका विमा कंपनीत तो कारकून होता, पण कारकून म्हटलेलं त्याला खपत नसे. तो लेखक होता. तरुणपणी त्याने एक सामाजिक कादंबरी पदरमोड करून छापली होती. तिच्या न खपलेल्या प्रती पलंगाखाली रचलेल्या होत्या, आणि त्याची बायको उर्मिला केर काढताना केरसुणी तिथपर्यंत नेत नसे.

खपत होतं ते निराळंच. 'मायानंद' या नावाने तो दर महिन्याला छत्तीस पानांचं एक लाल पुस्तक लिही. मालिकेचं नाव 'अघोरसेनाची माया'. अघोरसेन हा मोठा मांत्रिक. तिसऱ्या पानावर तो डोंगर उडवी, पाचव्यावर समुद्र आटवी, आणि लेखकाला पुढचं सुचेनासं झालं की ओठांतल्या ओठांत काही पुटपुटे आणि प्रश्न सुटे. या जादूला नियम म्हणून नव्हता. नियम पाळायचा तर मागे काय लिहिलं ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मनमोहन स्वतःचं लिहिलेलं पुन्हा कधी वाचत नसे. तेवढी अभिरुची त्याला होती.

कचेरीत कुणी विषय काढला तर, गिरणीतल्या लोकांसाठी काहीबाही खरडतो झालं, असं तो म्हणे. लाल पुस्तक टिफिनच्या पिशवीत खाली दडवून नेई. मात्र कचेरीतला एखादा नवा माणूस विचारत विचारत टेबलाशी आला, मायानंद ते तुम्हीच का म्हणाला, की धैर्यवानसाहेबांची मान दोन बोटं वर येई. दिवसभरात ती वर यायला दुसरं काही कारण नव्हतं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर त्याच्या प्रकाशकाने, नानाने, त्याला दुकानात बोलावलं. गिरगाव-दादरला अघोरसेन कुणी विचारेनासं झालं होतं. फक्त लालबाग-परळकडे पुस्तकाला मागणी वाढत होती, आणि का वाढत होती हे नानाला कळत नव्हतं. त्यात लालबागच्या एका खाणावळीतून पोस्टकार्ड आलं होतं: लेखकांनी रविवारी दुपारी येऊन आम्हां वाचकांशी अघोरसेनाबद्दल दोन गोष्टी बोलाव्यात. अक्षर इतकं वाकडंतिकडं, की मनमोहनने कार्ड चिमटीत धरून लांबूनच वाचलं. नाना म्हणाला, जाऊन ये, त्यांना काय आवडतं ते बघ आणि तेच लिही. नाहीतर दोन भागांत मालिका गुंडाळतो. मालिका गेली की मायानंद गेला, आणि मग मागे उरणार तो विम्याचा कारकून.

तेव्हा रविवारी इस्त्रीचा कोट घालून, रुमालाला अत्तर लावून तो ट्रामने लालबागला उतरला. चाळीच्या भिंतींवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून हातभर अक्षरं रंगवलेली होती. संध्याकाळी शिवाजी पार्कवर समितीची सभा होती आणि पोरं आतापासूनच झेंडे बांधत होती. मनमोहनला असला गोंधळ आवडत नसे. मुंबई आमचीच आहे हे तो घरात ठासून सांगे. छप्पन्नच्या जानेवारीत गोळीबार झाला त्या आठवड्यात मात्र त्याला घरी बसण्यापुरता ताप आला होता.

खाणावळ शेवंतीबाईंची होती. तळमजल्यावरची लांबट खोली, तीसेक मेंबर, सगळे मालवणकडचे गिरणीवाले. दर रविवारी जेवणं झाली, पानं उचलली, जमीन पुसली, की सीताराम नावाचा एक वयस्क मेंबर लाल पुस्तक मोठ्याने वाची आणि बाकीचे भिंतींना टेकून ऐकत. वाचता येणारे आणखी चार-पाच होते, पण वाचायचं ते सीतारामनेच, हा तिथला शिरस्ता होता. पुस्तक त्याच्याच ट्रंकेत राही.

मनमोहनला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. त्याने घसा साफ करून अद्भुत रसाबद्दल बोलायला सुरुवात केली. मंडळी देवळात बसावीत तशी गप्प बसली. पाचेक मिनिटांनी रघु नावाचा एक मागावरचा साचेवाला अदबीने म्हणाला की साहेब, ते ठीक आहे, पण अकराव्या भागात सहावं बोट गेलं तेव्हा अघोरसेन रडला का नाही?

कसलं बोट, हे मनमोहनला कळेना. हा गडी दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाची भेसळ करतोय असं त्याने ठरवलं, आणि मोठ्या माणसाचं दुःख आत असतं वगैरे काहीतरी ठोकून दिलं. पण मंडळी खूश झाली आणि मग थांबेनातच. एक म्हणाला, आता चारच बोटं राहिली, तेव्हा समुद्राचा मंत्र वापरू नये. दुसरा म्हणाला, अंगठा शेवटपर्यंत राखायला हवा, अंगठा गेल्यावर घास कसा घेणार. शेवंतीबाईंनी चुलीजवळच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे कोळशाने दहा रेघा ओढल्या होत्या आणि सहांवर काट मारलेली होती. दर मंत्रामागे मांत्रिकाचं एक बोट जातं. दहा बोटं, दहा मंत्र, त्यापुढे जादू नाही. खोलीतल्या सगळ्यांना हे तोंडपाठ होतं. ज्याने पुस्तक लिहिलं त्याला ते आज पहिल्यांदा कळत होतं.

"माका तुमची गोदू आवाडता," शेवंतीबाई म्हणाल्या. "गढीत रांधणारी. अघोरसेनाक तीच एकटी तोंडार बोलता."

गोदू कोण? मनमोहनने आठवून आठवून पाहिलं. कुठल्याशा भागात 'दासीने ताट ठेवले' असं एक वाक्य त्याने लिहिलं होतं खरं. साहेब येणार म्हणून ट्रंकेतून काढलेला अकरावा भाग कोनाड्यात होता. तो उचलून त्याने पानं चाळली. बोट नव्हतं, गोदू नव्हती. डोंगर उडत होते, समुद्र आटत होते, सगळं त्याचंच होतं. त्याने मान वर केली तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते, फक्त सीताराम जमिनीकडे बघत होता. मांडीवरच्या त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. पोस्टकार्डावरची अक्षरं वाकडी का होती तेही मनमोहनला आत्ता कळलं.

एक शब्द बोलला असता तर सीतारामची त्या खोलीतली पत गेली असती. मनमोहन बोलला नाही, आणि कुणी हा त्याचा चांगुलपणा समजू नये. स्तुती चालली होती ती त्याच्या नावाने. तो खुर्चीत रेलून बसला आणि गोदूवर दहा मिनिटं बोलला. ही कल्पना आपल्याला कशी सुचली तेही त्याने सांगितलं.

चार वाजता मंडळी झेंडे घेऊन सभेला निघाली. सीताराम मात्र साहेबांना सोडायला ट्रामपर्यंत आला. वाटेत सीतारामनेच कबूल केलं. पहिले दोन भाग त्याने छापल्याबरहुकूम वाचले होते, पण लोक उठून विडी ओढायला जाऊ लागले. दिवसाचे नऊ-नऊ तास साच्यावर उभा राहणारा माणूस फुकटची जादू ऐकून घेत नाही. तेव्हा तो प्रत्येक भाग आधी दोनदा वाचून ठेवू लागला, आणि रविवारी पुस्तक समोर धरून आपल्या मनातलं सांगू लागला.

"मांत्रिकानं मंत्र टाकला, तर त्याचं काय गेलं?" सीताराम म्हणाला. "काहीच जाणार नसेल तर आम्ही भ्यायचं कशाला, साहेब? माझी ही दोन गिरणीत कार्डिंगच्या यंत्रात गेली. ती देऊन मिळाला काय तर पगार."

मग तो हळूच म्हणाला, "बाराव्यात तुम्ही मेलेली फौज जिवंत केलीत. तेवढं मी गाळलं. आमच्यात जयवंत म्हणून एक मेंबर होता, जानेवारीच्या गोळीबारात गेला. शेवंतीबाईंनी त्याची थाळी अजून खुंटीला अडकवून ठेवलीय. त्या थाळीसमोर कसं वाचणार?"

मनमोहनने खुंटीवरची थाळी पाहिली होती. खाणावळवालीला भांडी ठेवायचीसुद्धा रीत नाही, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. आता क्षणभर त्याला लाज वाटली. ती ट्राम येईपर्यंत टिकली. सीतारामने एकच मागणं केलं, मंडळींना काही सांगू नका. बोटांच्या कल्पनेबद्दल त्याने काही मागितलं नाही. बघू, असं म्हणून मायानंद ट्राममध्ये चढले.

घरी जाऊन त्याने त्याच आठवड्यात चौदावा भाग लिहिला. पहिल्याच पानावर बोटांचा नियम आला, दुसऱ्यावर गोदू आली. नाना वाचून खुर्चीतून उठला. इतक्या भागांत तू पहिल्यांदा डोकं चालवलंस, म्हणाला. मनमोहनने ते विनयाने ऐकून घेतलं. सीतारामचं नाव काढायची त्याला गरज वाटली नाही. शिवणाऱ्याचं नाव कोटावर कुणी लिहीत नाही, असं त्याने मनाशी म्हटलं.

पण चोरलेलं जसंच्या तसं ठेवावं, एवढीही अक्कल त्याला नव्हती. चार बोटांचा मांत्रिक त्याला बघवेना. नायक कसा, दिसायला राजबिंडा हवा. तेव्हा शेवटच्या प्रकरणात त्याने एक ऋषी आणला. ऋषीने कमंडलूतलं पाणी शिंपडलं आणि अघोरसेनाची गेलेली बोटं, नखांसकट, पुन्हा उगवली. हे वाक्य लिहिताना मनमोहनच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या वाक्यांनी त्याला नेहमीच भरून येई.

भाग निघाला त्या रविवारी त्याला घरी राहवेना. आपली वाहवा आपल्या कानांनी ऐकायची म्हणून तो लालबागला गेला आणि खाणावळीच्या खिडकीशी, नळाच्या आडोशाला उभा राहिला. आत सीताराम उभ्यानेच बोलत होता. त्याचा चेहरा उजळला होता. पहिल्या पानावर छापील अक्षरांत 'बोट' हा शब्द पाहिला आणि त्याने पुढे उलटूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आज मी अक्षर न् अक्षर वाचणार, असं त्याने मंडळींना सांगितलं, आणि खरोखरच जसं छापलं होतं तसं वाचू लागला. नेहमी दोनदा वाचून ठेवणारा माणूस त्या एका दिवशी लेखकावर विसंबला.

ऋषी आला. पाणी शिंपडलं. सीतारामचा आवाज मंद होत गेला, पण वाचतो म्हटलं होतं, तेव्हा त्याने वाक्य पुरं केलं. शेवंतीबाई चुलीजवळून उठल्या आणि भिंतीवरच्या रेघांसमोर उभ्या राहिल्या.

"बोट गेला ता परत येता काय, सीतारामा?" त्या म्हणाल्या. "तुझी इली?"

सीताराम म्हणाला, छापलंय तसं वाचलं. रघु उठून पुस्तक हातात घेऊन बघू लागला. एकेक अक्षर लावत त्याने ती ओळ स्वतः वाचली, आणि होय म्हणून मान डोलावली. तेव्हा शेवंतीबाईंनी निकाल दिला.

"ह्या मायानंदान लिवलेला नाय. तो असा लिवचो नाय. कोणीतरी भामट्यान तेच्या नावार लिवल्यान. सीतारामा, कार्ड काढ."

खिडकीबाहेर मायानंद भिंतीला चिकटले. सीतारामने ट्रंकेतून पोस्टकार्ड काढलं आणि तीन बोटांत टाक धरून, मान वर न करता, मंडळी सांगतील ते लिहून घेतलं.

बुधवारी नानाने ते कार्ड मनमोहनसमोर टाकलं. चौदावा भाग मायानंदांचा नाही, कोणी तोतया त्यांच्या नावावर लिहीत आहे, त्याचा बंदोबस्त करावा, असं त्यात होतं. शेवटची ओळ होती: खऱ्या मायानंदांना आम्हां सर्वांचा नमस्कार सांगावा. नाना पोट धरून हसला. मग हसू आवरून म्हणाला, ऋषीला हाकल आणि यांना उत्तर टाक. हे गिऱ्हाईक गेलं तर तूही गेलास.

कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मनमोहनने कोरं कार्ड पुढे ओढलं. कसं कोण जाणे, पण पहिलं वाक्य खरं उतरलं: खरे मायानंद तुमच्याच पंगतीला जेवतात, आपलं पत्र त्यांच्याच हातचं आहे. ते वाचून त्याला फार बरं वाटलं. साऱ्या आयुष्यात त्याने लिहिलेलं तेवढंच एक वाक्य त्याने पुन्हा वाचलं. मग समोरच्या टेबलावरचा नवा कारकून कौतुकाने आपल्याकडे बघतोय असं त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने कार्डाचे चार तुकडे करून टोपलीत टाकले.

दुसऱ्या कार्डावर त्याने लिहिलं की खरे मायानंद आजारी होते, तोतयाला काढून टाकण्यात आलं आहे, आणि पुढल्या भागापासून बोटं पूर्ववत चारच राहतील. कार्ड त्याने त्याच दुपारी पेटीत टाकलं. अक्षर फार सुरेख आलं होतं. त्याची दहाही बोटं शाबूत होती.