अप्पांचे शाकाहारी मासे

"शुद्ध शाकाहारी हाय, बिनघोर बघा," असं म्हणत अप्पा आल्या पाहुण्याला आधी काचेच्या टाकीपुढे बसवायचे आणि मग पाणी विचारायचे.

लातूरला आमच्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूती, घरात अंड्याचं नावही काढायची सोय नाही. डॉक्टरांनी बीपीसाठी मासे पाळा म्हटलं, तेव्हा ते आधी डॉक्टरांवरच रागावले. तरी पाळीव माशांच्या दुकानात गेले. खाद्याचा डबा हुंगून विचारलं, "हे कशाचं?" सुक्या झिंग्यांचं म्हटल्यावर उलट्या पावली घरी आले आणि आंघोळ केली.

पुढचा घोटाळा माझा. मी शाळेत विज्ञान शिकवतो. बोलून गेलो, "अप्पा, ओढ्यातले काही मासे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात."

पुढच्याच रविवारी अप्पा देगलूरकडे सासुरवाडीला गेले आणि तिथल्या ओढ्यातले सहा मासे दुकानातल्या नव्याकोऱ्या दुधाच्या कॅनमध्ये घालून एसटीने घेऊन आले. माशांना वाहत्या पाण्याची सवय, म्हणून टाकीत कूलरची मोटर बसवली. गच्चीवर घमेल्यांत पाणी भरून शेवाळ धरायला दगड ठेवले. काकू टाकीची काच घासायला गेल्या की ओरडायचे, "अगं, त्येंचं वाढलेलं ताट घासून राहिलीस की!"

एका संध्याकाळी ते अनवाणी माझ्या दारात उभे.

"सर, घात झाला. पाण्यात डास पडला अन् मोठ्या माशानं गिळला."

"अप्पा, शेवाळाबरोबर बारीकसारीक किडेही खातात ते."

"मग शाकाहारी म्हणलात ते?"

"शाकाहारी तुम्ही म्हणालात. मी शेवाळ म्हणालो होतो."

मापात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले.

दोन दिवसांनी मीच भीतभीत गेलो. टाकीवर अप्पांच्या पलंगाची मच्छरदाणी. अप्पांचे हातपाय डासांनी फोडून काढलेले. खाजवत म्हणाले, "त्येंचा दोष न्हाई. डास आत येऊ देणं, ही आपली चूक."

महिन्याभरात मोठा मासा खंगला. डोकं तेवढं मोठं दिसू लागलं. अप्पांनी मला बोलावून हळूच विचारलं, "त्याला उपास घडून राहिलाय का?"

खोटं बोलवेना. "हो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर मच्छरदाणी एका बाजूने वर खोचलेली आणि अप्पा टाकीकडे पाठ करून भिंतीसमोर बसलेले.

"मी बघून न्हाई राहिलो," ते म्हणाले. "ज्याचं त्यानं बघावं."

मागे डुबुक झालं. अप्पांचे खांदे ताठ झाले. "काय झालं?"

"काही नाही, अप्पा."

"बरं."

मासा पंधरवड्यात अंगानं भरला.

गेल्या वर्षी गुडघे थकले, तसं अप्पांनी दुकान बंद केलं आणि काकूंना घेऊन मुलाकडे हैदराबादला गेले. लातूरला परत आलेच नाहीत. जाण्याआधी मासे सोडायला मला त्या ओढ्यावर घेऊन गेले होते. धोतर खोचून पाण्यात उतरले आणि एकेक मासा ओंजळीतून सोडला. पाच गेले. मोठा मात्र तळहाताला तोंड लावून चिकटून बसला.

"जा की लेका," अप्पा म्हणाले. मासा हलेना. हात झटकावा, तर तेही त्यांना होईना. गुडघे दुखत असताना तसेच वाकून, पाण्यात हात धरून उभे राहिले.

मी काठावरून म्हणालो, "अप्पा, गाडी चुकेल."

मान वर न करता ते म्हणाले, "चुकू द्या."