पाकळी पडेपर्यंत

"देवान उजवो कौल दिल्यान तर ऑपरेशन. डावो दिल्यान तर माका परत इचारू नको," असं बाबांनी डॉक्टरांच्या तोंडावरच सांगून टाकलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते म्हणजे बाबांना आवरणंही माझ्याच विषयात येतं, असं त्यांना वाटलं असावं.

हृदयाच्या वाहिन्या तुंबल्या होत्या आणि थांबायला वेळ नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही शिरोड्याला, आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात. गुरवांनी ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी पंखा बंद करायला लावला. गुरवांना ते आवडलं नाही.

पाकळ्या हलेनात. मी पुन्हापुन्हा घड्याळ बघत होते. बाबा मात्र शांत बसले होते, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

"तुझो अभ्यास ह्योच मा गो?" त्यांनी हळूच विचारलं.

जवळजवळ हाच. मी स्टोकॅस्टिक मेकॅनिक्सवर, म्हणजे कणांच्या यादृच्छिक हालचालींच्या गणितावर, काम करते. क्वांटमवाले बहुतेक सगळे म्हणतात, बघेपर्यंत इलेक्ट्रॉन कुठे आहे हे विचारण्यातच अर्थ नाही. आम्ही थोडे हट्टी लोक म्हणतो, तो सतत कुठेतरी असतोच. न दिसणारे धक्के खात वेडावाकडा चालत असतो, उन्हाच्या तिरिपेतल्या धुळीसारखा. त्या धक्क्यांचं गणित मांडलं की क्वांटमचंच समीकरण हाती येतं. निदान बरंचसं येतं. उरलेल्यावरून आमची भांडणं चालू आहेत. हे मी बाबांना कुजबुजत सांगितलं. ही पाकळीसुद्धा आत्ता कणाकणाने सुटतेच आहे, म्हटलं.

"मगे खयची पडतली, ता तुझ्या गणितान आधी कळता?"

"नाय. फकत शक्यता कळतत."

"मगे गप बघ."

मी गप बघत राहिले. आणि माझ्या डाव्या हाताकडची पाकळी घसरली, क्षणभर अडकली आणि पडली. आता बाबांना कोणीही हलवू शकणार नव्हतं.

"उजवो," गुरव म्हणाले.

देवाची उजवी बाजू ती बघणाऱ्याची डावी. लहानपणापासून या देवळात येणारी मी भीतीने तेवढंही विसरले होते.

बाबांनी साष्टांग नमस्कार घातला, उठून चहा मागितला आणि कपड्यांची पिशवी भरायला सांगितली. मला हेच हवं होतं. यासाठी मी आदल्या दिवसापासून त्यांच्याशी भांडत होते.

हॉस्पिटलला जाताना कुडाळच्या रस्त्याला लागल्यावर ते गाडीत निवांत झोपले. डॉक्टरांनी मला ऑपरेशन यशस्वी होण्याच्या फक्त शक्यता सांगितल्या होत्या, आणि शक्यता म्हणजे काय हे मला नीट माहीत आहे. बाबांना कौल मिळाला होता. मला कोणीच दिला नव्हता.