कावळे हाकलायचा आवाज

आमच्या घरमालकीण काकूंनी मनावर घेतलं तर त्या दगडालाही वाचायला बसवतील, आणि दगड वाचताना अडखळला तर त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणतील, "मोठ्यानं वाच बे! पोटात भाकर नाही का?" हे मी वाढवून सांगत नाही. तो दगड मीच होते. सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातून थेट इकडे बुलडाण्याजवळच्या धाड गावाला आलेली, आणि शेजारणीला "पाणी आलं का?" एवढं विचारायचं तरी आधी मनात घोकून मग दार उघडणारी. आता मी गच्चीवर उभी राहून वाचते ते बसस्टँडवर ऐकू जातं, असं जीपवाले म्हणतात. थट्टा करत असतील. पण ऐकू जातं हे खरं.

आमचं भाड्याचं घर म्हणजे वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या. पुढे वाचनालय, त्याला चिकटून कलामंदिर. कलामंदिर हे नाव मोठं. आहे एक पत्र्याचा हॉल, सिमेंटचा स्टेज आणि एक कुलर. तो चालू केला की तबला ऐकू येत नाही आणि बंद केला की तबला शिकवणारे टेलरकाका दिसत नाहीत, कारण ते घाम पुसत घरी निघून गेलेले असतात. या सगळ्याच्या किल्ल्या काकूंच्या कमरेला, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात एक शिट्टी. पगार नाही, पद नाही. सासऱ्यांनी जागा दिली होती, सासरे गेले, नवरा गेला, पोरं पुण्याला गेली, काकू आणि कपाटं मागे राहिली. वाचनालयाच्या दारावर पूर्वी 'शांतता राखा' अशी पाटी होती. काकूंनी ती उलटी करून पाठीमागे गेरूने 'मोठ्याने वाचा' असं लिहिलं. कोणीतरी पाहुणे साहेब एकदा म्हणाले, "बाई, वाचनालयात शांतता नको का?" काकू म्हणाल्या, "शांतता तं सालभर असते साहेब. कोनी येतच नाही. उन्हाळ्यात जरासा कालवा होऊ द्या की."

त्या कालव्यासाठी त्या चैत्रापासून माणसं गोळा करत फिरत. आठवडी बाजारात सगळ्या बायका भाजी पाहून घेतात, काकू आवाज ऐकून घेत. कांदेवाल्याने जोरात आरोळी ठोकली की त्या थबकत, डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "तुह्या पोरीचाबी आवाज असाच हाये का? मंग पाठव उद्यापासून. कांद्यापायी वाया जाऊन राह्यला." जीपस्टँडवर "बुलडाना, बुलडाना, बुलडाना!" ओरडणाऱ्या दांडग्या माणसाला त्यांनी नाटकात नगारा केला होता. नगारा वाजवणारा नाही, नगारा. तो स्टेजच्या कोपऱ्यात बसून तोंडाने गरजायचा आणि त्याची बायको पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून रडेपर्यंत हसायची. सकाळी ऊन चढायच्या आत कडुनिंबाखाली मातीचे बैल करायचे, मग मागच्या भिंतीवर कोळशाने चित्रं काढायची, दुपारी वाचन, सांजेला तबला नाहीतर नाटक, असा काकूंचा उन्हाळा. चित्रांमध्ये कोणी आकाश हिरवं काढलं तरी त्या काही बोलत नसत. बोलत फक्त आवाज बारीक निघाला तर.

पुस्तक कोणतं हवं हे त्या कोणालाच विचारत नसत. पोर समोर आलं की त्याच्या तोंडाकडे बघत, जीभ दाखव म्हणायच्याच बाकी, आणि कपाटातून एक पुस्तक काढून हातात कोंबत. "मले दुसरं पायजे" असं कोणी म्हणालंच तर उत्तर ठरलेलं. "डॉक्टरले तू सांगते का गोळी कोनती द्या म्हनून?" आणि गंमत अशी की गोळी लागू पडायची. आईला सोडून कुठे न राहणाऱ्या मुलीला त्यांनी एकट्याने जग फिरणाऱ्या खलाशाचं पुस्तक दिलं; पोरगी दुसऱ्या दिवशी घरून गाठोडं बांधून आली आणि म्हणाली, मी इथंच राहते.

पण काकूंची खरी करामत गच्चीवर होती. उन्हाळ्यात पोरांना कोण वाचायला पाठवतं? पोरं घरी पाहिजे असतात, कारण वाळवण असतं. कुरड्या, पापड, शेवया, मूगवड्या अंगणात पसरल्या की कावळे-चिमण्या हाकलायला एक पोर बसवावंच लागतं. काकूंनी ओळखलं की पोरं येत नाहीत तर वाळवणच आणावं. वाचनालयाची गच्ची गावात सगळ्यांत मोठी आणि दिवसभर उन्हातली. त्यांनी सांगून टाकलं, ज्यांना वाळवण घालायचं त्यांनी इथे घाला, राखायला मात्र आपापलं पोर पाठवा. बायकांना काय, आयतीच जागा. गच्चीभर पांढरी धोतरं नि जुन्या साड्या पसरल्या, त्यावर साऱ्या गल्लीच्या कुरड्या, आणि जिन्यावरच्या खोलीच्या सावलीत हातात पुस्तक धरलेली पोरांची ओळ. काठी नाही, दगड नाही. काकूंचा नियम एकच, कावळा आला की पानावरचं वाक्य जोरात वाचायचं. हळू वाचलं तर कावळा कुरडई नेणार आणि आई संध्याकाळी कान पिळणार. त्यामुळे सगळी पोरं जीव तोडून वाचत. ऊन लागून पुस्तकं खराब होतात म्हणून गच्चीवर फाटकीच पुस्तकं मिळत, कुणाचं पहिलं पान नाही, कुणाचा शेवट नाही. शेवट नसेल त्याने आपल्या मनाचा करायचा. मी खालून, खिडकीशी बसून ऐकत असे आणि थक्क होत असे. एका गच्चीवरून एकाच वेळी राजे मरत होते, जहाजं बुडत होती, आणि एकाही कुरडईला चोच लागत नव्हती.

मी खिडकीशी बसत असे, कारण दुसरीकडे जायची मला भीती वाटे. आल्या आल्या दुकानात मी साखर मागितली तर माझा हेल ऐकून दुकानातल्या दोघी हसल्या. वाईट मनाने नाही, पण मी घरी येऊन साखर न घालताच चहा केला. नंतर मी बोलणंच सोडलं. नवरा पाण्याच्या योजनेवर पंप चालवतो, त्याच्या पाळ्या. घरी असला की झोपलेला. एक दिवस तो जेवता जेवता म्हणाला, "तुला इथे करमत नाही, मला दिसतं. मे संपेपर्यंत बघ. नाहीच जमलं तर तुझ्या आईकडे जा. मी इथे मेस लावीन." रागावून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो समजुतीने म्हणाला, म्हणून मला रात्रभर झोप लागली नाही. जायचं म्हणजे नवऱ्याला सोडून जायचं, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हाताला काहीतरी काम म्हणून मी पोह्यांचे पापड लाटले, गावठी आंब्याचा रस ताटात ओतून साठं घातलं, आणि ताटं घेऊन गुपचूप गच्चीवर गेले. काकू कठड्याशी उभ्याच.

"हे काय वो?"

"साठं. आंब्याचं."

"वाळवनच ना? मंग राखनदार कुठाय?"

"मला मूल नाही काकू."

"तू काय म्हातारी झाली? तूच बस." आणि माझ्या तोंडाकडे एकदा बघून त्यांनी एक पुस्तक हातात कोंबलं.

मी पुटपुटले की मला वाचता येतं, पण चारचौघांत नाही येत. लोक हसतात. काकूंनी पोरांना शिट्टी मारून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं आणि म्हणाल्या, "इकडं कोन हाये? कावळे. कावळ्याले कोकन अन् वऱ्हाड समजत नाही. वाच."

त्या पुस्तकात एका परटिणीची गोष्ट होती. राजाचा फेटा धुताना तिच्या हातून नदीत वाहून जातो, आणि ती काठाकाठाने त्याच्या मागे धावत सुटते. फेटा एका गावात पाळण्याची झोळी होतो, एका गावात वरातीची पताका होतो, आणि ती पोचायच्या आत पुन्हा वाहून जातो. शेवटची पानं नव्हती. पहिल्या दिवशी मी इतकी हळू वाचले की कावळा साठ्याच्या ताटात येऊन बसला आणि माझ्याकडे बघत खाऊ लागला. मला इतका राग आला, आणि तो कावळ्याचा नव्हता. मी ओरडूनच पुढचं वाक्य वाचलं. कावळा उडाला. खालून काकूंचा आवाज आला, "हाव! आता आली लाइनीवर!"

त्यानंतर रोज. अडखळायचे, परत वाचायचे, कावळे हसत नव्हते. पण माणसांपुढे अजून तोंड उघडत नव्हतं, आणि मे संपत आला होता. कॉटखालून बॅग काढून मी ती अर्धी भरलीही होती.

त्या दिवशी चार-साडेचारला पश्चिमेकडून आभाळ लाल झालं आणि वावधान सुटलं. धुळीचा लोट गच्चीवर चढला, धोतरं फडफडून उठली, पापड पतंगासारखे उडाले. काकू मधोमध उभ्या राहून किंचाळत होत्या, "आधी पुस्तकं उचला! मंग कुरड्या! पोट्ट्यायले पाय हायेत, ते येतात आपल्यानं!" जिन्यावरून पदरांत, टोपल्यांत, सदऱ्यांत भरभरून आम्ही जे हाती लागेल ते खाली नेलं आणि कलामंदिरात स्टेजवर ओतलं. कपाटांवर पापड, तबल्यावर शेवया, हार्मोनियमवर मूगवड्या. एक कण गेला नाही. पण अख्ख्या गल्लीच्या कुरड्यांचा एकच ढीग झाला.

वीज गेली होती. बायका धावत आल्या, ढीग पाहिला आणि हॉलमध्ये जे सुरू झालं त्यापुढे बाहेरचं वारं काहीच नाही.

"माह्या कुरड्या पांढऱ्याफेक होत्या, त्या बाजूला करा आधी!"

"पांढऱ्या? तुह्या चिकात दरसाल कोंडा राह्यते, माय!"

"अन् तुह्या कुरडईनं मागच्या साली जावयाचा दात हालला, तो?"

कोणी कोणाच्या हातातून टोपली ओढली, कोणी म्हणालं की पुढल्या सालापासून गच्ची बंद, आपलं अंगण बरं. हे ऐकलं मात्र काकूंचा चेहरा उतरला. त्या बोलायला गेल्या तर घशातून नुसती हवा आली. वाऱ्यापुढे ओरडून त्यांचा आवाजच बसला होता. मी त्यांना इतकी वर्षं पाहतेय, पण तेव्हासारख्या घाबरलेल्या कधी पाहिल्या नाहीत. त्यांनी शिट्टी मारली, कोणी ऐकली नाही. मग त्यांनी हॉलभर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली, आणि फाटकं पुस्तक माझ्या हातात देऊन त्यांनी फक्त ओठ हलवले. वाच.

मी स्टेजवर चढले, समोर बघितलं, आणि खरं सांगते, मला बायका दिसल्याच नाहीत. ताटावर बसलेले कावळे दिसले. मी गच्चीवरच्या आवाजात पहिलं वाक्य हाणलं.

एकीच्या हातातली टोपली हवेतच राहिली.

मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. फेटा वाहत निघाला, परटीण धावत निघाली. हळूहळू कोणी खाली बसलं, कोणी ढीग पुढे ओढला आणि ऐकता ऐकता हात कुरड्या निवडू लागले. ही तुही दिसते बाई, घे. ही जाडी माही. मधूनच कोणी विचारी, "मंग?" शेवटचं पान आलं, आणि पुढे पानंच नव्हती.

"मंग काय झालं?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या वर बघत होत्या, मला ओळखतच नसल्यासारख्या. तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि माझ्याच हेलात सांगितलं की फेटा वाहत वाहत समुद्राला आला, आमच्याकडे, खाडीच्या तोंडाशी. परटीणही मागोमाग आली. तिथे एका बाईने फेटा काढून वाळूत पसरला होता आणि त्यावर साठं वाळत घातलं होतं. ती परटिणीला म्हणाली, दमलीस गो, बस जरा, वाळलं की घेऊन जा.

मागून एक म्हातारी म्हणाली, "पन आपली पैनगंगा तं उगवतीकडं जाते. समुद्र इकडं कुठं?"

काकूंचा घसा तेवढ्यापुरता खुलला. "फेटा राजाचा हाये माय! कुठंबी जाईन!"

सगळी हसली. माझ्या हेलाला नाही. किंवा हसलीही असतील, मला कळलं नाही. स्टेजच्या कडेला माझं साठ्याचं ताट धुळीने भरून पडलं होतं. कोणीतरी विचारलं, "हे कोनाचं वो?" आणि मी मोठ्याने म्हटलं, "माझं!" दुसऱ्या दिवशी दुकानातल्या त्या दोघी ते कसं करतात हे शिकायला घरी आल्या. बॅगेतले कपडे मी कधी बाहेर काढले ते आठवत नाही. नवऱ्याने विचारलं नाही, फक्त भिंतीवर लिहून ठेवलेला मेसवाल्याचा नंबर पुसून टाकला.

गच्ची बंद झाली नाही. आता काकूंना जिना चढवत नाही. खाली कडुनिंबाखाली खुर्ची टाकून त्या बसतात, वर पोरं वाचतात आणि मी त्यांच्यावर लक्ष ठेवते. शिट्टी माझ्याकडे आहे, किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला. संध्याकाळी वाळवण उचललं, पोरं गेली, की त्या खालून हाक मारतात, "कोकनी, वाच ना वो जरासं." मी कठड्याशी उभी राहून वाचते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. दर वेळी नवा शेवट मागतात, आणि मध्येच मान वर करून म्हणतात, "ऐकू येऊन नाही राह्यलं!"

मी आवाज चढवते. गच्चीवर तेव्हा एक कुरडई नसते, आणि कावळे तर केव्हाच घरी गेलेले असतात.