दक्षिणेची खोली

चंदीगडला माझी बदली झाली ती ऐन मे महिन्यात, आणि पोचल्या पोचल्या मी एक शहाणपणा केला. सरकारी क्वार्टरांपैकी दोन रिकामी होती. एकात शिरलो तर उजेडाने डोळे दिपले. दुसरं तळमजल्यावर, उत्तरेकडे तोंड केलेलं, दारासमोर आंब्याचं दाट झाड, मागे लगेच दुसऱ्या ब्लॉकची उंच भिंत. आत पाऊल टाकलं आणि माठात उतरल्यासारखं वाटलं. पुण्याच्या माणसाला ऊन म्हणजे टाळायची गोष्ट. मी तिथल्या तिथे सही ठोकली आणि बायकोला म्हणालो, "बघ, कसं हेरलं!"

संध्याकाळी शेजारच्या ब्लॉकमधले एक मराठी गृहस्थ ओळख करून घ्यायला आले. मूळचे नागपूरचे, सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर, माझ्याहून बरेच मोठे. नमस्कार व्हायच्या आधीच त्यांनी आमच्या भिंतीवर तळहात टेकवला, पोराच्या कपाळाला ताप बघताना टेकवतात तसा. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पुणेकर, डिसेंबरात भेटू."

मला वाटलं, दौऱ्यावर चालले असतील.

डिसेंबरात उलगडा झाला. आमच्या घरात सूर्य आलाच नाही. आंब्याने एक पान गाळलं नाही. बायको मफलर गुंडाळून पोळ्या लाटू लागली. आणि खोबरेल तेलाची बाटली अशी गोठली की तेल काढायला चमच्याची दांडी खुपसावी लागे. एका रविवारी हे इंजिनियर गृहस्थ आले, बाटली उलटी धरली, थेंबसुद्धा पडला नाही.

"हे तुमचं थर्मामीटर," ते म्हणाले. "उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. खिडकीवर छज्जा बांधला की अडतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला खाली उतरते, सरळ खिडकीतून घरात यायला बघते. आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसून राहिले."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणाला जेवणात मीठच दिसतं, कुणाला दुसऱ्याच्या मुलांचे मार्कच. यांना फक्त ऊन दिसायचं. आमच्या पाचपन्नास मराठी कुटुंबांनी एका शाळेच्या हॉलमध्ये गणपती बसवला, तर आरती चालू असताना हे टाळ्या थांबवून पुढे झाले आणि मूर्ती चौरंगासकट उचलायला लागले. भटजी हबकले. "पश्चिमेचं ऊन येऊन राहिलं ना थेट," हे म्हणाले, "पंचामृत नासते." आम्ही जागच्या जागी थिजलो होतो. मूर्ती मात्र हलली, कारण त्यांना अडवायला कुणाचा हात पुढे होईना.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, दरवर्षी दिवाळी झाली की नागपूरला बहिणीकडे जायच्या आणि होळी उलटल्यावर परत यायच्या. त्यांचे सांधे धरायचे. इथली थंडी बाईंना सोसायची नाही, असं डॉक्टरने एकदा सांगितलं होतं. त्या चार महिन्यांत हे आमच्याकडे जेवायला येत. कोट न काढता पाटावर बसत.

"माणूस म्हणजे एक मोठा बल्बच असतो, पुणेकर," एकदा आमटी ओरपताना म्हणाले. "शरीराची उष्णता भिंतींना मिळत राहते. घरातला एक बल्ब कमी झाला की घर गार पडते. साधं फिजिक्स आहे."

माझी बायको वाढता वाढता थबकली. मी मात्र फिजिक्स समजून घेत होतो.

मग त्यांना दक्षिणेकडच्या एका नव्या सेक्टरात प्लॉट मिळाला. निवृत्ती जवळ आली होती. "आता हिला हिवाळ्यात कुठे जायचं काम नाही," असं ते भेटेल त्याला सांगू लागले. ऑफिसात, भाजीवाल्याकडे, आमच्या दारात सायकल टेकवून. त्या घरामागे त्यांचा दुसरा काही हेतूच नव्हता. वहिनींना हिवाळाभर चंदीगडला ठेवायचं.

घर उभं राहू लागलं तसे शेजारी चक्रावले. प्लॉटच्या उत्तरेला रस्ता होता. सगळ्यांच्या घरांनी रस्त्याकडे बाल्कन्या, जाळ्या, रंगीत काचा काढल्या होत्या. यांच्या घराने रस्त्याकडे दोन चिमुकल्या खिडक्या ठेवल्या आणि बाकी तोंड मागच्या बागेकडे फिरवलं. पश्चिमेला जाड भिंत, तिला लागून न्हाणीघर, कोठीघर, जिना, म्हणजे उन्हाळ्याची तिरपी संध्याकाळ कोठीतल्या डब्यांनी सोसावी. शेजारचे सरदारजी रोज येऊन बघत. शेवटी न राहवून म्हणाले, "इंजिनियर साहब, मकान सड़क से रूठ गया है क्या?"

"जनवरी में आइए जी," हे म्हणाले. "चाय पिलाऊंगा."

मागची दक्षिणेची खोली वहिनींची. भिंतभर काच, वर मोजून काढलेला छज्जा, खाली काळसर दगडाची फरशी. ती दिवसा ऊन पिते आणि सूर्य गेल्यावर हळूहळू परत देते, असं ते सांगत. छज्जा आधी एक वीतभर जास्त पुढे आला होता. यांनी तो माझ्यादेखत फोडायला लावला. नवाकोरा छज्जा. मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. मीही तोंड उघडं टाकून पाहत राहिलो.

"या वीतभर सावलीत हिचे पाय येतील," ते म्हणाले.

पहिल्याच हिवाळ्यात घराने त्यांचा शब्द राखला. जानेवारीतलं ते स्वच्छ निळं, हाडं फोडणारं चंदीगड बाहेर होतं, आणि आत वहिनींच्या खाटेवर गळ्यापर्यंत ऊन. शेगडी नाही, हीटर नाही. आम्ही स्वेटर काढून बसलो. खिडकीतली खोबरेलाची बाटली त्यांनी उचलून हलवली तर तेल पाण्यासारखं डुचमळलं. सरदारजी चहा प्यायला आले, फरशीवर हात ठेवून "कमाल है जी" म्हणाले आणि तिथेच डुलक्या घेऊ लागले. रोज कुणी ना कुणी बघायला यायचं. हे प्रत्येकाला फिरवून आणायचे, आणि खोलीत आलं की म्हणायचे, "ही बघा. गेल्या वर्षी या दिवसांत इथे राहू शकत नव्हती. आता सांध्यांचं नाव नाही." वहिनी पदर सारखा करून हसायच्या. ऊन सरकलं की हे खाट सरकवायचे, वहिनींसकट.

संक्रांतीला त्याच खोलीत हळदीकुंकू झालं. सगळ्या मराठी बायका जमल्या. यांनी दारात उभं राहून सूर्याच्या उत्तरायणावर व्याख्यान दिलं आणि उन्हाबरोबर सगळ्यांना दोनदा जागा बदलायला लावली.

दुसऱ्या दिवशी तिळगूळ द्यायला मी आणि बायको गेलो, तर पुढच्या खोलीत होल्डॉल बांधून ठेवलेला. शेजारी ट्रंक. वहिनी शाल घेऊन खुर्चीवर बसलेल्या, बाहेर जाताना नेसतात तसं पातळ नेसून.

हे समोर उभे होते. आम्ही आल्याचंही त्यांना भान नव्हतं.

"सांधे दुखतात का?"

"नाही."

"रात्री गार वाटते?"

"छे. पांघरूण फेकून देते मी."

"मग खिडकी मोठी झाली का? झोत येतो का डोळ्यांवर?"

"खिडकी छान आहे," वहिनी म्हणाल्या. "सगळंच छान आहे. मी नागपूरला जाते."

माझ्या हातातला तिळगुळाचा डबा तसाच राहिला. ज्या कारणासाठी त्या बाईने इतके हिवाळे हे शहर सोडलं, ते कारणच या माणसाने वीट वीट रचून नाहीसं केलं होतं. आणि बाई निघाली होती.

माझ्या बायकोने वहिनींना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मी डबा ठेवायच्या निमित्ताने दारात रेंगाळलो.

"काय सांगू बाई," वहिनी म्हणत होत्या, "बहिणीकडे मी लोणच्याच्या बरण्या उचलते. पापड लाटते. बहिणीच्या जावेशी कडाकडा भांडते. सांध्यांची मला आठवणही येत नाही. आणि इथे मी पेशंट. येईल तो माझे गुडघे बघून जातो. इतकं त्यांनी केलं माझ्यासाठी, बोलूही कशी? पण खाटेवर बसवून फिरवतात हो मला."

"भावजींना असं सांगितलंत?"

"ते कुठे विचारून राहिले? ते सांधे विचारतात."

स्टेशनवर सोडायला आम्ही तिघं गेलो. गाडी हलली तरी हे डब्याच्या खिडकीची दिशा बघत होते. "दुपारपर्यंत ऊन याच बाजूला राहील," मला म्हणाले. एवढंच.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. दक्षिणेच्या खोलीत ऊन नेमक्या जागी पोचलं होतं, रिकाम्या खाटेवर. हे पुढच्या बाजूच्या गारठ्यातल्या बोळात ओव्हरकोट घालून बसले होते. ज्या माणसाने गणपतीलाही चुकीच्या उन्हात बसू दिलं नाही, तो आपण बांधलेलं ऊन सोडून सावलीत कुडकुडत होता. मी म्हणालो, "आत बसू या का?"

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "मला तिथे फार गरम होते."

होळीनंतर वहिनी आल्या, नेहमीसारख्या हसतमुख. पण पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा गेल्या. त्या वर्षी हे निवृत्त झाले, आणि निवृत्त झाल्या झाल्या घर एका प्राध्यापकाला भाड्याने देऊन तेही गेले. आम्हाला सांगायला आले तेव्हा भिंतीबिंतीला हात लावला नाही. उभ्या उभ्या पाणी प्यायले आणि निघाले.

वर्षभराने आमच्या ऑफिसातला एक जण नागपूरला जाऊन आला. त्याने यांना पाहिलं होतं. मेहुणीच्या घरी, माडीवर, पश्चिमेच्या खोलीत राहतात म्हणाला. खिडकीला पोतं, वर पत्रा, उन्हाळ्यात दुपारी तिथे पाय ठेववत नाही. हे खाली ओसरीवर बायकांच्या घोळक्यात मटार सोलत बसले होते. वहिनींनी दोनदा हटकलं, की दाणे सालात जातायत.

मला धक्काच बसला. घरी येऊन बायकोला म्हणालो, "पश्चिमेची खोली! वर पत्रा! अगं, तो माणूस वीतभर सावलीसाठी नवा छज्जा फोडत होता."

बायको इस्त्री करत होती. शर्टाची कॉलर पुरी करून तिने इस्त्री उभी ठेवली.

"'तू गेलीस की मला करमत नाही,' एवढं एकदा म्हणाले असते," ती म्हणाली, "तर वहिनी जुन्या क्वार्टरात शेगडीपाशी बसून राहिल्या असत्या."