आमची शाल, मुदलाळीचा खांदा

आम्ही घातलेली शाल आमदाराने काढली आणि मुदलाळीच्या खांद्यावर घातली. आमच्यादेखत. शाळेच्या मैदानात, भरल्या सभेत.

मद्रासेत ही रीत आहे. सत्कारात मिळालेली शाल आपल्याहून मोठ्या माणसाला घालायची. आम्हाला हे ठाऊक होतं. पण आम्ही निवडून दिलेल्या माणसाहून मोठा कोण, हे ठाऊक नव्हतं.

मुदलाळी म्हणजे मालक. चामड्याच्या कारखान्याचा. त्या कारखान्याची घाण आमच्या विहिरीत झिरपायची. पाणी तांबूस यायचं, वास मारायचं. तेच आम्ही प्यायचो. माझी धाकटी पोर त्या पाण्यानेच गेली. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

मुदलाळीने शाल दोन बोटांनी उचलली आणि मागे ड्रायव्हरकडे दिली. कुठल्या वस्तीतून आलीय, ते त्याला बरोबर कळलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते. माझा बापही वाजवत होता. मला त्याचा भयंकर राग आला.

बा सोलापूरकडचा. रेल्वेच्या कामाला मद्रासला आला, तो इथंच राहिला; पुढं मुदलाळीच्या कारखान्यात लागला. आपली जात मागे गावात राहिली असं त्याला वाटायचं. ती त्याच्याआधीच इथं येऊन बसली होती.

निवडणुकीत हा आमदार आमच्या झोपडीत आला होता. चटईवर बसला, माझ्या हातची कॉफी प्याला. "सरकार बदला, सहा महिन्यांत नळ देतो," म्हणाला. तो गेल्यावर बा रडला. म्हणाला, "पोरी, आपल्या घरचं कुणी प्यालं बघ." मग आम्ही जीव तोडून राबलो. सरकार बदललं. नळही मंजूर झाला.

सभेनंतर थोड्याच दिवसांत आमच्या दारावरून चर खणायला लागले. बायका हसत बघत उभ्या होत्या. मी मुकादमाला विचारलं, "तोटी कुठं बसणार?" तो म्हणाला, "इथं नाही. पाइप कारखान्यात चाललाय."

मी तशीच आमदाराच्या घरी गेले. त्याच्या माणसाने मला मागच्या दाराला उभं केलं. पुढच्या दाराशी मुदलाळीची गाडी होती. जुन्या आमदाराच्या दारातही मी हीच गाडी पाहिली होती.

आमदार बाहेर आला. आवाज गोड. "अम्मा, कारखान्याला पाणी नाही मिळालं तर तुमचेच लोक उपाशी मरतील. सगळं एकदम होत नाही. धीर धरा."

मी म्हणाले, "अय्या, जुना आमदारपण हेच सांगायचा."

"मग त्याचंही खरंच होतं," तो म्हणाला आणि आत गेला.

परत येताना माझं डोकं फिरलं होतं. प्रचाराच्या गाड्या मुदलाळीच्या, सभेचा मांडव मुदलाळीचा. आम्ही नुसती मतं दिली होती. खुर्चीवरचा माणूस बदलला, त्याला पोसणारा तोच राहिला. त्याला कसली घाई? त्याची पोरं ते पाणी पीत नव्हती. धीर काय तो आम्हीच धरायचा, आणि पोरं पुरायची.

दुसऱ्या दिवशी मी चरात उतरून बसले. म्हणाले, "आधी आमच्या दारात तोटी, मग पाइप पुढं." काही बायका उतरल्या, काही घाबरून घरात गेल्या. बा काठावर आला, हात जोडले. "निघ गं बाहेर. माझी नोकरी जाईल." मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर निघाले असते.

पोलिसांनी केस धरून ओढत नेलं. सुटून आले तोवर चर बुजला होता आणि पाणी कारखान्यात पोचलं होतं. बाची नोकरी खरंच गेली होती. तो माझ्याशी बोलेना.

मी शेजारणीकडून कुदळ मागून आणली. भरदुपारी, सगळ्यांसमोर, पाइप जिथं पुरला होता तिथं घाव घातला. शेजारीण म्हणाली, "अगं, परत येतील ते."

"येऊ देत," मी म्हणाले आणि खणत राहिले.