श्रीलतानं लिहिलेला शेवट

हे आजवर माझ्या तोंडून कोणापुढेच निघालेलं नाही. बायकोपुढे तर नाहीच, आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मूल नावाच्या गावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. कॉलेजपासून मला एकच वेड. तलवार, जादू, राक्षस असलेले ते लांबलचक गेम, ज्यात आपण एका साध्या पोरापासून सुरुवात करतो आणि लेव्हल वाढवत वाढवत राजा होतो. असा एक गेम आपणही बनवायचा, हे पंधरा वर्षांचं स्वप्न. तीन सुरू केले. तिन्ही अर्धवट. नकाशे जमायचे, शस्त्रं जमायची, लढाया जमायच्या. गोष्ट आली की हात थांबायचा.

श्रीलता, माझी बायको, सिरोंच्याची. घरात तेलुगू बोलत वाढलेली. लग्नाआधी तिने कधी गेम खेळला नव्हता. दुपारी क्लास रिकामा असला की माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "हे सगळे गेम मारूनच काऊन संपते?" मी हसलो. आणि मीच — हो, मीच — तिला गेम बनवायचं सॉफ्टवेअर शिकवलं. वाटलं, चार दिवस रमेल, मग सोडून देईल.

सात महिन्यांत तिने गेम पुरा केला.

तिचा शेवट सांगायलाच हवा, नाहीतर माझी करणी कळायची नाही. जंगलातल्या राक्षसाला मारायला एक मुलगी निघते. वाटेत गावोगावचे लोक तिला काही ना काही देतात. कुणी कुऱ्हाड, कुणी घोंगडी, एक म्हातारी तर आपली नजरच देऊन टाकते. या देण्यांनीच मुलगी बलवान होत जाते. पण शेवटच्या लढाईत तलवार चालतच नाही. कितीही बटणं दाबा! मागे फिरावं लागतं. ज्याचं त्याला परत करत जावं लागतं, आणि दर वेळी एक लेव्हल खाली. पहिल्या लेव्हलवर, रिकाम्या हाताने ती घरी पोचते, तेव्हा राक्षस येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसतो. आता त्याला तिची भीती वाटत नाही. बस. गेम संपला.

मी खेळलो, आणि... डोळे भरून आले. पण त्याच्याही आधी मनात आलं, हिला हे कुठून सुचलं? पंधरा वर्षं मी घासली — आणि सुचलं हिला?

"कसा वाटला तुमाले?" तिने विचारलं. मी म्हणालो, आधी पोरांना दाखवून बघू.

क्लासमधल्या सहा जणांना खेळायला दिला. कोणी बनवला ते सांगितलं नाही. शेवटापर्यंत एकही जण उठला नाही. प्रतीक्षा नावाची एक हुशार पोरगी, श्रीलताची लाडकी, म्हातारीला नजर परत दिल्यावर माउस सोडून तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "सर, मले वाटलं मीच वापस देऊन आली. तुमी बनवला का जी?"

मी नाही म्हणालो नाही. नुसता हसलो.

घरी गेलो. श्रीलता दारातच उभी होती. मी चपला काढता काढता म्हणालो, "पोट्टे बोर झाले. दोघं तं मधातच उठले."

"प्रतीक्षापन?"

"तीच पयले उठली."

इतकं नेमकं खोटं कुठून आलं माझ्या तोंडात? नुसतं "हो" पुरलं नसतं का? नाही — मला तिची सगळ्यात आवडती खेळाडूच हिसकावून घ्यायची होती.

तिने वाद घातला नाही. आठवड्याभरात शेवट बदलला. तलवार चालू लागली, राक्षस मेला, मुलगी राणी झाली. जुना शेवट तिने पुसला. क्लासमधल्या प्रती मी पुसल्या. गेम इंटरनेटवर टाकला तेव्हा कुणीतरी खाली लिहिलं, सुरुवात छान, शेवट नेहमीचाच. ते तिने मला वाचून दाखवलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "लोकायचं काय मनावर घेतं." मनातून मात्र — हेही सांगतोच — मला बरं वाटलं.

त्यानंतर तिने काही बनवलं नाही. सकाळची टायपिंगची बॅच घेते. ती थांबल्यावर मला काही सुचायला लागलं, असंही झालं नाही.

मागच्या रविवारी दुपारी जेवताना ती आमच्या चार वर्षांच्या मुलीला त्या गेमचीच गोष्ट सांगत होती. मुलीने विचारलं, "मंग राक्षस घरी नाई गेला?"

"नाई. मारला त्याले," श्रीलता म्हणाली. "असंच आवडते लोकायले."

मी समोरच बसलो होतो. भात कालवत राहिलो.